गिरजाबाईंचा कासार

नोकरीत असताना मी लोकांना तीनच प्रश्न विचारले. घरात कोणाला ताप आहे का? मागच्या खेपेनंतर कोणाला येऊन गेला का? परगावाहून कोणी पाहुणा आलाय का? एवढं विचारायला मॅट्रिक कशाला व्हावं लागतं, असं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सोयरिकीच्या बैठकीत विचारलं होतं. मी म्हटलं, मामा, विचारायला नाही लागत, उत्तर लिहून घ्यायला लागतं. मुलगी मिळाली, पण सासरे शेवटपर्यंत मला 'तापवाले जावई'च म्हणत राहिले.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि हिवताप हटवायची मोहीम जोरात होती. फवारणीची टोळी वेगळी. ते भिंतींवर डीडीटी मारून जात आणि मागे लोकांच्या शिव्या ठेवून जात. त्या शिव्या खायला आम्ही. आमच्या हुद्द्याचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ते मलाही अडखळत म्हणावं लागे. गावात मी 'मलेरियावाले भाऊ'. मी मूळचा लोणारकडच्या सुलतानपूरचा, आणि नेमणूक झाली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वरवट बकालच्या बाजूच्या गावांत. माझं बोलणं जरा मराठवाड्याकडे झुकणारं, त्यामुळे तिकडच्या बाया मी तोंड उघडलं की पदर तोंडाला लावून हसत. हसल्या की तापाची खबर खरी देत, म्हणून मीही बोली बदलली नाही.

काम असं होतं. एक सायकल, एक खाकी झोळी. झोळीत काचेच्या पट्ट्या, सुई, कापूस, स्पिरिटची बाटली आणि कडू गोळ्या. ताप असेल त्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, काचेवर नाव घालायचं, गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. मग दाराच्या आतल्या भिंतीवर गेरूच्या चौकोनात तारीख आणि सही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घर. पोस्टमन पत्र असेल त्याच घरी जातो, तलाठी जमीन असेल त्याच्याकडे जातो. मला प्रत्येक छपराखाली जावं लागे, मग तिथे एक म्हातारा आणि एक शेळीच का राहत असेना. शेतातली झोपडीसुद्धा सुटत नसे.

त्यामुळे माझी माणसं बघायची रीतच वेगळी झाली. रोज बघणाऱ्याला माणूस बदललेला कळत नाही. वर्षाने बघणारा दचकतो. पंधरवड्याने बघणाऱ्याला माणूस बदलताना दिसतो. हे मी मोठेपणाने सांगतो आहे खरा, पण गिरजाबाईंच्या बाबतीत मला जे दिसलं ते समजायला मी वर्ष लावलं. त्या वर्षात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या आज लिहून टाकतो.

गावाचं नाव सांगत नाही. त्या घरातली नातवंडं आता वाचणारी आहेत. घर माळ्याचं, गावातच; गावाबाहेर त्यांचा विहिरीवरचा मळा. वांगी, मिरच्या, कांदे, सांबार म्हणजे कोथिंबीर. घरात महादेव, त्याची बायको सुभद्रा, लग्नाला आलेली मुलगी शांता आणि महादेवची आई गिरजाबाई. महादेवचे वडील तुकाराम तीन वर्षांपूर्वी वारले होते. माझ्या कुटुंब-नोंदणीच्या वहीत कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव होतं. ते मीच तांबड्या पेन्सिलीने खोडून वर महादेवचं लिहिलं होतं.

पहिली चूक भाकरीची. एका खेपेला गिरजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या की सून दोन दिवस झाले जेवायला घालत नाही. मी तरुण होतो आणि अन्याय दिसला की अंगात यायचं. मी सरळ चुलीपर्यंत गेलो आणि सुभद्राबाईला चार शब्द सुनावले. तिने चुलीजवळची परात माझ्याकडे सरकवली. तिच्यात गिरजाबाईंनी आत्ताच अर्धी टाकलेली भाकरी आणि वांग्याची भाजी होती. मला तेही खोटं वाटलं. म्हटलं, मला बघून वाढलं असेल. ही बाई पुढे महिनाभर माझ्याशी फक्त मान हलवून बोलायची आणि माझं काही चुकलंय हे मला कळत नव्हतं. गावात मात्र सासूला उपाशी ठेवणारी म्हणून तिचं नाव झालं होतं, आणि त्यात माझाही हातभार होता.

दुसरी गोष्ट सुरू झाली ती पावसाळा लागताना. मी नेहमीसारखा ओट्यावर झोळी टेकवून बसलो. गिरजाबाई आतून लगबगीने आल्या, माझ्यासमोर फतकल मारून बसल्या आणि डावा हात पुढे करून म्हणाल्या, "हिरव्या दाखव, कासारदादा. मागच्या खेपेच्या साऱ्या फुटल्या पाह्य."

ओट्यावर झोळी घेऊन बसणारा आणि बायांचा हात हातात घेणारा परका पुरुष खेड्यात एकच असतो, तो कासार. दुसरा मी. त्यांनी मला कासार समजणं अगदीच काही वेडेपणाचं नव्हतं. पण त्यांचं कपाळ मोकळं होतं आणि मनगटं उघडी. आतून सुभद्रा धावत आली, म्हणाली की आत्याबाई, उठा, तुमाले बांगड्या नाई भरता येत. गिरजाबाई म्हणाल्या, काऊन? मग स्वतःच्या मनगटांकडे बघितलं, उलटसुलट केलं, आणि घाबऱ्याघुबऱ्या मला विचारलं की मळ्यातून ते आले नाहीत का अजून.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी नोकरीच खरी नोंद करण्याची. मी समजावणीच्या सुरात म्हटलं, "आजी, ते वारले ना. तीन वर्षं झाली."

तसं रडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीची बातमी त्यांना माझ्या तोंडून आत्ता कळली होती. त्यांनी हंबरडा फोडला, कपाळ ओट्यावर आपटून घेतलं. आमच्याकडे रीत अशी की शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून बायांनी रडायला जायचं. कोण गेलं हे तिथे जाऊन विचारायचं. तशा चौघी-पाचजणी पदर सावरत आल्या, गिरजाबाईंच्या गळ्यात पडून रडायलाही लागल्या, आणि मग एकीने विचारलं, "कोण गेलं वं?" सुभद्राने मान खाली घालून सांगितलं की मामाजी, म्हणजे तिचे सासरे. त्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मी सायकल घेऊन निघालो. भिंतीवर तारीख टाकायलाही थांबलो नाही.

पुढच्या खेपेला गिरजाबाईंना काही आठवत नव्हतं. पुन्हा हात पुढे, पुन्हा मनगटं, पुन्हा तोच प्रश्न. मी या वेळी तोंड मिटून घेतलं, पण महादेव घरी होता. त्याने सांगितलं. पुन्हा हंबरडा. मी नसताना तर आठवड्यातून तीन-तीनदा होत होतं. शेजारणी दोनदा आल्या, तीनदा आल्या, मग यायच्या थांबल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तुकारामला त्या किती वेळा रडणार. पण एका खेपेला गिरजाबाई एकट्याच ओट्यावर बसून रडत होत्या आणि मधूनच थांबून गल्लीकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "माह्या घरातून एवढा माणूस गेला, दादा, अन् गावातलं एक कुत्रं आलं नाई रडाले. आमी काय कोणाचं वाईट केलं होतं?"

ते ऐकूनही मी सुधारलो नाही. तेच सांगायचं आहे.

आम्हाला दर महिन्याला काही काचा भरून पाठवाव्या लागत. ताप कमी झाला की काचा कमी भरत, आणि काचा कमी भरल्या की वरून विचारणा होई की घरं फिरतोस की झाडाखाली झोपतोस. लोक बोट द्यायला नाराज. सरकार रक्त नेऊन विकतं, अशी अफवा होती. आणि इथे एक बाई दर पंधरवड्याला आपणहून हात पुढे करत होती. मी एकदा बोट टोचलं. गिरजाबाई म्हणाल्या की माप लहान आहे दादा, हळू दाब. मला हसू आलं. काच भरली. पुढच्या खेपेला पुन्हा. मागच्या वेळी टोचलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं, त्यामुळे त्यांची तक्रार नव्हती. ताप नसलेल्या बाईच्या बोटावर मी तीन महिने काचा भरल्या.

एक दिवस आमचे साहेब सहाही काचांची यादी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, ही बाई तीन महिने तापात आहे आणि एकाही काचेत जंतू नाही, चला, दाखवा मला. मी साहेबांना घेऊन गेलो. गिरजाबाई आम्हा दोघांना बघून खूश झाल्या. म्हणाल्या, आज दोघं आले, कोणाचं लग्न हाये का? साहेबांनी विचारलं, आजी, हा माणूस तुमचं बोट टोचतो का? गिरजाबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि ठामपणे सांगितलं, "नाई बाप्पा. याचा हात लय हलका हाये. एक बांगडी नाई फुटत."

मी सुटलो असं मला वाटलं. साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला, बोटाचं टोक बघितलं आणि सोडून दिलं. बाहेर सायकलपाशी येऊन फक्त एवढंच म्हणाले, "काचा खोट्या नाहीत म्हणून नोकरी राहील. पण ज्याला आठवत नाही त्याच्याकडून घेतलेलं चोरीतच जमा होतं." निलंबन परवडलं असतं. मी त्या दिवशी सात घरं फिरलो आणि एका घरातही मला नीट प्रश्न विचारता आले नाहीत.

आज याला स्मृतिभ्रंश म्हणतात, त्यासाठी डॉक्टर आहेत, घरच्यांना समजावून सांगणारे लोक आहेत. तेव्हा आमच्याकडे 'साठी बुद्धी नाठी' एवढं म्हटलं की विषय संपायचा. कोणी म्हणे चळ लागला, कोणी म्हणे करणी. मी डॉक्टर नव्हतो. पण शरमेने माणूस निदान बघायला तरी लागतो. मी वहीत गिरजाबाईंच्या नावापुढे, जिथे तापाची खूण करायची तिथे, लहानशी वेगळी खूण करायला लागलो. रडल्या की फुली, नाही रडल्या की टिंब. सुभद्राला विचारून मधल्या दिवसांचंही लिहून घ्यायचो. तिला आधी वाटलं हेही सरकारी आहे. मग मीच तिची भाकरीच्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. तिने मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "तुमी एकटेच नाई होते, भाऊ." मग चहा टाकला.

थंडीत एक नवल दिसलं. पौषाचा जवळजवळ अख्खा महिना टिंबंच टिंबं. त्या महिन्यात गिरजाबाईंच्या अंगात महादेवचा जुना पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता. होळी आली, स्वेटर निघाला, आणि फुल्या पुन्हा सुरू. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना नवरा मेल्याचं आठवत नव्हतं, पण सवाष्ण बाईचं मनगट उघडं नसतं हे हाडात मुरलेलं होतं. मागून शिकलेलं पुसलं जात होतं, आधी मुरलेलं तसंच होतं. उघडं मनगट दिसलं की त्या घाबरत, घाबरल्या की विचारत, आणि विचारलं की आपण सांगत होतो.

सुभद्राने लगेच लांब बाह्यांची दोन पोलकी शिवली. थोडे दिवस बरे गेले. पण गिरजाबाई कष्टाच्या बाई, पीठ मळायला बसल्या की बाह्या वर.

उत्तर काय द्यायचं हे मला सापडलं ते शहाणपणाने नाही, घाईने. एकदा मला पुढच्या गावी पोचायला उशीर झाला होता. गिरजाबाईंनी विचारलं, ते आले का? मी झोळी खांद्याला लावत म्हटलं, मळ्यात असतील, पाणी देऊन राहिले असतील. त्या म्हणाल्या, हाव, आज कांद्याची पाळी हाये. आणि निवांत शेंगा सोलायला लागल्या. मी दारातच थांबलो. एक हूं नाही की चूं नाही. सुभद्रा चुलीपासून बघत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत राहिलो, जसं काही हरवलेलं गाठोडं कोणी आणून दिलं.

पण महादेव ऐकेना. तो वाईट माणूस नव्हता. बापावर त्याचा जीव होता. त्याचं म्हणणं होतं की बापाला मी माझ्या हाताने अग्नी दिला, आता तोंडाने 'येतील' कसं म्हणू. "उद्या माह्या बाबाचं श्राद्ध घालाचं का नाई? मेलेल्या माणसाले जित्ता म्हणून मी त्याले वाट चुकवू का?" सुभद्रा 'मळ्यात आहेत' म्हणायची, महादेव आला की खरं सांगायचा. एकाच घरात तुकाराम दुपारी जिवंत असायचा आणि दिवेलागणीला मरायचा.

अशात शांताचं लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त. हळदीच्या आदल्या दिवशी कासार घरी येतो, नवरीला चुडा भरतो, मग घरच्या आणि पाहुण्या सवाष्णींना. त्या दिवशी विधवा बाईने त्या अंगणात फिरकायचं नाही, ही रीत. आणि गिरजाबाई कासाराचा आवाज ऐकल्यावर थांबणार नव्हत्या. शिवाय नवरदेवाची आई त्या दिवशी साडी घेऊन यायची होती. तिच्यादेखत आजी बांगड्या मागायला बसली किंवा रडायला लागली, तर अपशकुन म्हणून सोयरीक मोडायला वेळ लागला नसता. शांता त्या काळजीने जेवत नव्हती, असं सुभद्रानेच मला सांगितलं. महादेवने ठरवलं की तेवढा दिवस आईला मळ्यातल्या खोलीत ठेवायचं. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या घरातलं मी काय बोलणार.

योग असा की तीच माझ्या खेपेची तारीख. मी गावात जायच्या आधी मळ्याकडच्या झोपड्या उरकायचो. महादेवच्या मळ्यातल्या खोलीला बाहेरून कडी होती. अशा वेळी वहीत 'घर बंद' लिहायचं आणि पुढे जायचं. मी पेन्सिल काढली, आणि आतून आवाज आला, "कासार आला का वं?"

मी पेन्सिल तशीच धरून उभा राहिलो. 'घर बंद' लिहावं तर आत माणूस. 'पाहिलं' लिहावं तर कडी बाहेरून. मी कडी काढली. आत पाण्याचं मडकं होतं, भाकरी होती, महादेवने कशाची कमी ठेवली नव्हती. पण पत्र्याच्या छपराखाली वैशाखाचं ऊन भरलेलं, आणि गिरजाबाई दाराशीच बसलेल्या. दोन्ही मनगटं चोळून-चोळून लाल झालेली. मला बघून म्हणाल्या, "मले काऊन कोंडलं, दादा? मी काय केलं?"

या प्रश्नाला उत्तर असतं तर मी कडी पुन्हा लावली असती. मी म्हटलं, चला. पुढचा विचार मी केलाच नव्हता. गावापर्यंत पाव कोसाची वाट, मी सायकल हातात धरून चालतोय, त्या शेजारून तुरुतुरु. वाटेत त्यांनी मला सांगितलं की त्यांचं लग्न झालं तेव्हा चुडा कोपरापर्यंत होता. लग्न मोडलं तर मोडणारा मी. महादेव मला मारेल, मारू दे, पण त्या पोरीचं काय? दोनदा वाटलं की परत फिरावं.

अंगणात सतरंजीवर बायांची ओळ बसलेली. शांताचा चुडा भरून झाला होता. कासार म्हातारा, कसबी माणूस. त्याच्यासमोर नवरदेवाची आई बसायच्या बेतात होती. गिरजाबाई कोणाला न विचारता तिच्या पुढ्यात जाऊन बसल्या आणि हात पुढे केला.

कासाराने हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. तो महादेवकडे बघून म्हणाला की बाप-आज्यापासून आमी असा हात भरला नाही. महादेव माझ्याकडे असा बघत होता की मी नजर उचलली नाही. तो पुढे आला, आईचा दंड धरून उठवायला लागला. गिरजाबाई त्याला म्हणाल्या, "थांब ना रे, माहा नंबर लागला."

तेव्हा सुभद्रा उठली. एरवी नवऱ्यासमोर आवाज न चढवणारी बाई. आवाज तेव्हाही चढवला नाही.

"मामाजी गेल्याचं साऱ्या गावाले माहीत हाये," ती म्हणाली. "एक आत्याबाईलेच माहीत नाई. रोज आपण नव्यानं त्यायचं कुंकू पुसतो. वर्सभरात किती डाव पुसलं त्याचा हिशोब नाई. आता मी नाई पुसू देत." मग कासाराकडे वळली. "भरा, दादा. पाप लागन ते मले लागू द्या."

महादेवचा हात दंडावरून निघाला. आता सगळ्यांचे डोळे नवरदेवाच्या आईकडे. लग्न तिच्या तोंडात होतं. शांता चुड्याचे हात मांडीवर घट्ट दाबून बसली होती. ती बाई क्षणभर गिरजाबाईंच्या लाल मनगटांकडे बघत राहिली. मग सतरंजीवर जरा बाजूला सरकली, गिरजाबाईंना नीट जागा करून दिली आणि कासाराला म्हणाली, "भरा ना मंग लवकर. मोठ्यायच्या आंधी आमी कसं बसाव? अन् आमाले ऊन उतराच्या आत घरी पोचा लागते."

माझा श्वास सुटला तो बाजूच्या बाईला ऐकू गेला. शांता रडायला लागली, पण ते रडणं वेगळं होतं. कासाराने गिरजाबाईंचा हात घेतला, बोटं एकत्र दाबली, हात ढिला सोडा माय, म्हणाला, आणि एकेक हिरवी बांगडी चढवली. एकही फुटली नाही. दोन्ही मनगटं भरल्यावर त्यांनी हात कानाजवळ नेऊन हलवून बघितले.

बांगड्या भरल्या की घरातल्या मोठ्या माणसांच्या पाया पडायचं असतं. गिरजाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि इकडेतिकडे शोधायला लागल्या. सासूबाई कुठी हायेत, असं शेजारणीला हळूच विचारलं. मग त्यांना सुभद्रा दिसली, भरल्या अंगाची, दाराशी उभी. त्या पुढे गेल्या आणि स्वतःच्या सुनेच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

सुभद्रा दचकून मागे सरली. सासूने सुनेच्या पाया पडावं, यापरतं उलटं काही नाही. पण गिरजाबाई वाकलेल्याच, असीस मिळेपर्यंत सून उठत नसते. सुभद्राने हात त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठेवला आणि सवाष्णीला देतात ती असीस दिली. "जल्मसावित्री व्हा," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

लग्न नीट पार पडलं. गावात चार दिवस चर्चा झाली, पाचव्या दिवशी कोणाची तरी बैलजोडी हरवली आणि लोकांना दुसरा विषय मिळाला. मला मात्र पुढच्या खेपेची धास्ती होती. महादेव काय बोलेल? त्याच्या घरची कडी मी काढली होती.

पंधरा दिवसांनी गेलो. महादेव ओट्यावर दोर वळत बसला होता. त्याने मान हलवली, बसा म्हणाला. मी तीन प्रश्न विचारले, त्याने तिन्हींना नाही म्हटलं. इतक्यात गिरजाबाई आतून आल्या. मनगटांत हिरव्या बांगड्या. मला बघून हात पुढे केला नाही. दारातून मळ्याच्या वाटेकडे बघितलं आणि विचारलं, ते आले नाहीत का अजून.

मी ओठ उघडले, पण मला बोलावं लागलं नाही. महादेवचा दोर वळणारा हात थांबला. खाली बघतच तो म्हणाला, "मळ्यात हायेत बाबा. कांद्याले पाणी देऊन राह्यले. येतीन."

"मंग भाकर टाका लागते," गिरजाबाई म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

मी भिंतीवर तारीख टाकली, सही केली. त्यानंतर गिरजाबाई चार वर्षं होत्या, आणि त्या चार वर्षांत त्या घरात तुकाराम पुन्हा मेला नाही.